मिठाच्या मोसमात पावसाचं भांडं

कार्तिक लागला की माझ्या टाचा दुखतात. डॉक्टर म्हणतो, वय झालं. वय झालं हे मला ठाऊक आहे, ते सांगायला डॉक्टर कशाला हवा? वयाने गुडघे दुखतात. टाचा दुखतात त्या मिठाने.

दिवाळी सरली, खाडीकाठच्या खाजणातलं गवत पिवळं पडलं, वारा उत्तरेकडून यायला लागला, की आमच्याकडे मिठागराचा तळ तुडवायचे दिवस यायचे. बाया, बाप्ये, पोरं, सगळी एका ओळीत. हात एकमेकांच्या खांद्यावर, आणि ओल्या काळ्या चिखलात टाचा आपटत मागे मागे सरकायचं, ऊन कलेपर्यंत. तळ असा दाबायचा की खाडीचं पाणी आत घेतलं तर ते खाली झिरपता कामा नये, वरच्या वर उडून गेलं पाहिजे. शेतकरी जमीन नांगरून मऊ करतो. आम्ही जमीन कुटून दगड करणारी माणसं. बियाणं नाही, खत नाही. ऊन पेरायचं आणि मीठ काढायचं.

आता त्यातलं काही नाही. खाडीपलीकडे बंदर झालं, अलीकडे भराव पडला. माझे वाफे होते तिथे घराएवढे लोखंडी डबे एकावर एक रचलेत. धाकटा मुलगा तेच डबे ट्रेलरवर घालून मुलूखभर नेतो. पगार चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. डब्यांत काय असतं ते त्यालाही ठाऊक नसतं. कुठून आले ते वर लिहिलेलं असतं, तो वाचून दाखवतो. जपान, जर्मनी. मी हं म्हणतो.

परवा सुनेनं घासलेली कळशी अंगणात उन्हाला ठेवली, तोंड आभाळाकडे करून. मी ओट्यावरून उठलो आणि जाऊन ती पालथी घातली. ती म्हणाली, बाबा, आतून सुकायला ठेवलीय. मी म्हटलं, मोसम चालू आहे. ती हसली. कसला मोसम? ती या घरात आली तेव्हा बांधावर डांबर पडलेलं होतं. तिचं काही चुकलं नाही. पण मी ती कळशी उभी होऊ दिली नाही, आणि तिच्याकडे बघता बघता माझी लेक जनी डोळ्यांपुढे आली. म्हणून लिहायला बसलो. मी दोन बुकं शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ वाकडं दिसलं तर वाचणाऱ्याने सरळ करून घ्यावं. मजकूर सरळ आहे, त्याला हात लावू नये.

आधी कळशीचं सांगतो. सगळा देश पावसाला ये म्हणतो. आम्ही मिठाची माणसं कार्तिकापासून वैशाखापर्यंत त्याला येऊ नको म्हणायचो. एक मोठी सर आली तर वाफ्यातलं पिकत आलेलं पाणी पुन्हा गोडं होतं, आणि बांधावर घातलेली रास वितळून जिथून आली तिथे निघून जाते. म्हणून आमच्यात चाल होती, की मोसमात उघड्यावर रिकामं भांडं तोंड वर करून ठेवायचं नाही. रिकामं भांडं आ वासून बसलं की ते आभाळाकडे मागतं. आभाळ द्यायला निघालं की आमची रास बघत नाही. हंडे पालथे, घमेली पालथी. एखादं पोर पेला अंगणात विसरलं तर दिसेल ती बाई त्याच्या पाठीत धपका घालायची, मग पोर कुणाचं का असेना. चाल खरी का खोटी ते मला विचारू नका. बापाने पाळली, मी पाळली.

केळुसकर गुरुजी आले तेव्हा स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. तळकोकणातला माणूस, काटकुळा, बोलताना हेल काढणारा. त्यांचं बोलणं आम्हाला अर्धं कळायचं आणि आमचं त्यांना अर्धं. पोरांना मात्र दोन्हीकडचं पुरं कळायचं. देवळामागे एक खोली, तीच शाळा, चौथीपर्यंत. आधीचे मास्तर पोरांना खोलीत कोंडून पाढे घोकून घ्यायचे. हे पोरांना घेऊन बांधावर यायचे, आम्ही मीठ ओढत असू तिथे.

दूर पाण्यावर मुंबईच्या वाटेला लागलेली बोट दिसली की विचारायचे, ही कुठून आली? कुणी म्हणे रेवसहून, कुणी म्हणे मुरुडहून. पोरांचं जग तेवढ्यात संपायचं. मग गुरुजी मिठाचा खडा उचलायचे. हा कुठून आला? समुद्रातून. समुद्रात कुठून आला? पोरं एकमेकांकडे बघायची. हातातल्या मीठ ओढायच्या फळ्या टेकून आम्हीही ऐकत राहायचो. सात पिढ्या मीठ काढलं, पण समुद्रात ते येतं कुठून असं आमच्यात कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं की डोंगरावर पाऊस पडतो, दगड झिजतो, त्याचा खार नद्या वाहून आणतात. आफ्रिकेच्या नद्या, चीनच्या नद्या, आपली पाताळगंगा. पाणी सगळं एकमेकांत मिसळलेलं. तेव्हा या खड्यात कुठला डोंगर आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. विज्ञान आपल्या गावात शिकायचं, म्हणाले, पण आपल्या गावापुरतं शिकायचं नाही.

त्या दिवशी जेवताना जनीने ताटातलं मीठ बोटावर घेतलं आणि उजेडात धरून म्हणाली, "बाबा, ह्याच्यात चीनचा डोंगर हाय."

तिची आई म्हणाली, "एवढा डोंगर घातला तरी कालवण आळणी कसं लागतं गं?"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धर्मा. बाप लवकर गेला, त्यामुळे घर दादाच्या शब्दावर चाले. त्याला मूलबाळ नव्हतं. जनी पोर माझी, पण वाढली त्याच्या खांद्यावर. आगरावर जाताना त्याच्या मानेवर बसायची, उतर म्हटलं की कान धरायची. मी तिला कधी उचलल्याचं आठवत नाही. थोरल्यांदेखत बापाने आपलं पोर उचलायची रीत नव्हती आमच्यात. काकाने उचललं तर चालायचं. तेव्हा मी मागून चालत त्या दोघांची सावली बघायचो, दोन डोक्यांची एक सावली, पांढऱ्या राशीवरून वाकडी होत जाणारी.

पावसाचं भांडं गुरुजींनी उरणला पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून आणलं. एक गोल डबा, वर नरसाळं, आत बाटली. शाळेपुढे विटांचा ओटा घालून त्यावर बसवलं. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. महिन्याचे आकडे मुंबईच्या हवामान कचेरीत जायचे. आणि तेच आकडे नॉर्वे नावाच्या देशातल्या एका शाळेला. तिथली पोरंही मोजत आणि आपले आकडे धाडत. त्यांच्याकडे बर्फ पडतो, तो वितळवून मोजतात, असं कळल्यावर आमची म्हातारी माणसं हसली होती. आम्ही मीठ वितळू नये म्हणून जीव टाकतो आणि हे लोक मुद्दाम वितळवतात.

गुरुजी म्हणायचे, तुम्ही इथे बाटली उचलता त्याच घडीला कुठे रात्र असते, कुठे दुपार, आणि तिथेही कुणीतरी असंच भांडं बघायला वाकलेलं असतं. आभाळ एवढं मोठं, की एकट्या गावाला ते मोजता येत नाही. जो तो आपल्यावरचा तुकडा मोजतो. ज्याने चुकीचा मोजला त्याने सगळ्यांचं आभाळ बिघडवलं.

बाटली काढायचं काम जनीला मिळालं. मोठी पोरं घाई करायची. ही मात्र मांडी घालून बसायची, नळी विटेवर ठेवायची, आणि डोळा पाण्याच्या रेघेसमोर येईपर्यंत मान खाली नेत जायची. तोवर श्वास घ्यायची नाही. पावसाळाभर गावाला त्याचं कौतुक होतं. येणारा-जाणारा फळा बघून जायचा, काल किती पडला म्हणून विचारायचा. आम्हाला आमचा पाऊस आकड्यात कधी कळला नव्हता.

कार्तिकात तळ तुडवून झाला. उघाड्या वर केल्या, म्हणजे बांधातल्या फळ्या, आणि उधाणाचं पाणी आत घेतलं. गावातली झाडून सगळी भांडी पालथी झाली. शाळेपुढचं तेवढं तोंड वर करून उभं.

देवळात बैठक बसली, गुरुजींना बोलावलं. गावपंच सरळ बोलले, की वैशाखापर्यंत तेवढं पालथं घाला, पाऊसच नाही तर मोजता काय? गुरुजींनी शांतपणे सांगितलं की कोरडे दिवसही मोजावे लागतात. "शून्य म्हणजे काहीच नाही असं नव्हे. शून्य म्हणजे मी बघितलं, आणि नव्हतं. ज्या दिवशी बघितलंच नाही त्या दिवशी शून्य लिहायचं नसतं. तिथे आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे मला माहीत नाही." लोकांना हे थट्टेसारखं वाटलं. एक जण म्हणाला, नॉर्वेच्या पोरांना आकड्यांची एवढी हौस असेल तर त्यांना म्हणावं, रास वितळली की इकडे या आणि घमेली उचला. हशा झाला, पण हसण्यात राग होता.

तेव्हा मी उठलो. थोरल्यासमोर चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, भांडं राहील. माझी पोर त्याच्यावर हात ठेवते, ते कुणी पालथं घालायचं नाही. गुरुजींचं सगळं मला पटलं होतं असं नाही. पण माझी पोर जे करते त्याला कुणी हसलेलं मला चालत नव्हतं, आजही चालणार नाही.

दादा माझ्याकडे बघत राहिला. गाव आमच्याविरुद्ध उभं राहिलं तर तळ तुडवायला ओळीत कोण येणार, हे त्याला दिसत होतं. मला दिसत नव्हतं. तो उठला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे भांडं. पण मोसमात आभाळ फाटलं, तर आमची जनी त्या दिवसापासून शाळेत जाणार नाय. मग कुणी आम्हाला काय बोलायचं नाय." गुरुजी म्हणाले, हा कसला न्याय? दादाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. जनी खांबाला टेकून उभी होती. दादाने तिलाच विचारलं, "कबूल हाय काय गं?"

ती म्हणाली, "हाय."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. भांडं बघून पाऊस येत नाही एवढं मला ठाऊक होतं. आणि मोसमात आभाळ फाटल्याचं माझ्या आठवणीत फार तर एकदा. चौथी झाली की गुरुजी तिला उरणच्या मोठ्या शाळेत घालणार होते, राहायची सोयसुद्धा बघून ठेवली होती. सहा महिने आभाळ कोरडं राहिलं की झालं. आणि मोसमात कोरडं राहायचं हे तर आभाळाचं कामच.

तो मोसम मला अजून सबंध दिसतो. पौषातली सकाळ, वाफ्यांवर पातळ धुकं, आणि बांधावरून शाळेकडे धावत जाणारी तिची पावलं. माघात पाणी घट्ट होऊन लालसर दिसायला लागलं, आणि एका दुपारी त्यावर साय धरावी तशी मिठाची पहिली पापडी आली. तिच्यावर बोट टेकवलं तर करकर वाजते, तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पायांना भेगा, भेगांत मीठ, आणि पोटऱ्यांवर सुकलेल्या खाराच्या पांढऱ्या रेषा. दुपारी इतकं झळझळायचं की डोळे मिटले तरी आत पांढरंच. फळ्यावर शून्याखाली शून्य. जनी ती फार सुबक काढायची, मिठाच्या खड्यांसारखी, एकही दुसऱ्याहून लहान-मोठं नाही. मी आगरावरून येताना मुद्दाम तिकडून यायचो. आकडे वाचण्याइतकं मला येत होतं, आणि शून्य वाचायला तर शाळाही लागत नाही.

होळी होऊन गेली. बांधावर राशी उभ्या राहिल्या होत्या, गवताने शाकारायच्या बाकी. आणि एके पहाटे कसलाही सांगावा नसताना पाऊस कोसळला. अख्खं गाव पेंढ्याचे भारे घेऊन अंधारात धावलं. पेंढा पोचेपर्यंत राशी खचल्या होत्या. फटफटलं तेव्हा वाफे काठोकाठ भरलेले, त्यात स्वच्छ आभाळ दिसतंय, आणि बांधाच्या कडेने सगळा मोसम गढूळ ओहोळासारखा खाडीत चाललाय. रडलं कुणी नाही. ओल्या अंगानेच लोक शाळेकडे वळले.

साडेआठ झाले. गुरुजी उभे, जनी विटेपाशी. तिने नरसाळं उचललं, बाटली काढली. बाटली कोरडी.

गाव पुढे सरकून बघायला लागलं. अंगण चिखलाने भरलेलं, देवळाच्या पन्हळीतून अजून थेंब पडतायत, आणि बाटलीत पाण्याचा टिपूस नाही. गुरुजींनी ती उलटी करून बघितली. शेवटी गावपंचच बोलले, की भांड्याने पाऊस घेतलाच नाही, म्हणजे मागितलाही नसणार, पोरीवर ठपका नाही. बायांनी हात जोडले. मी दादाकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता. माझाही सुटला असेल.

गुरुजी म्हणाले, "जनी, फळ्यावर लिही."

तिने खडू घेतला. एक शून्य काढलं की सुटली असती. तिचा हात त्याला इतका सरावलेला होता की झोपेतही काढलं असतं. आणि तिने आडवी रेघ मारली.

गुरुजींनी विचारलं, "रेघ का गं?"

"भांडं झाकलेलं व्हतं, गुरुजी. रातचं झाकतात."

"कोण झाकतं?"

ती कुणाकडेच बघेना. खडू दोन्ही हातांत धरून उभी राहिली. नाव तिने घेतलं नाही, हे मी पुन्हा सांगतो. तेव्हा दादा पुढे आला आणि म्हणाला, "मी झाकतो."

मग सगळं बाहेर आलं. ती अट घातल्या दिवसापासून दादा दिवस मावळला की शाळेपुढे जायचा आणि नरसाळ्याच्या तोंडावर नारळाची करवंटी बसवायचा. अगदी मापाची शोधून काढली होती. पहाटे आगरावर जाताना काढून घ्यायचा. निदान रात्रीचं तरी भांड्याने आभाळाकडे मागू नये, आणि पोरीची शाळा टिकावी. ज्याने अट घातली तोच रोज ती अट राखत बसला होता. त्या पहाटेही, डोळ्यांदेखत रास गेल्यावरही, तो सवयीने तिकडून आला आणि करवंटी काढून कमरेला खोचली. जनीने त्याला कितीदा तरी बघितलं होतं. रात्री पाऊस नव्हता तोवर शून्य ते शून्यच होतं, म्हणून ती बोलली नव्हती.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, रातचं झाकलेलं, पण दिवसभर उघडंच होतं की. तेवढं पुरलं. ज्यांची रास गेली होती त्यांना कुणावर तरी बोट ठेवायचं होतं, आणि शब्द तर देवळात दिलेला होता.  दादा घराकडे चालायला लागला, आणि जनी त्याच्या मागून, त्याच्या पावलांत पाऊल टाकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पाटी काढली आणि म्हटलं, चल. ती अंगण झाडत होती. म्हणाली, "बाबा, मी हाय बोलले व्हते." मी म्हटलं, शब्द मी मोडतो, गावाला काय बोलायचं ते मला बोलू दे. ती झाडतच राहिली. म्हणाली, "तुमचा तुम्ही मोडा. माझा कसा मोडाल?"

दहा-अकरा वर्षांची पोर. हे तिला कुणी शिकवलं? मीच. बोललं की बोललं, हे आमच्या घरात पोराला बोलायच्या आधी शिकवत. खोटं मोजायचं नाही हे गुरुजींनी शिकवलं. दोन्ही शिकवणी चांगल्या. त्या दोन्ही एकाच दिवशी तिच्या अंगावर येतील हे आम्हा दोघांनाही दिसलं नाही. गुरुजी त्या संध्याकाळी घरी आले. निदान चौथीच्या परीक्षेला बस म्हणून हात जोडले त्यांनी, एवढ्याशा पोरीपुढे. तिने त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "गुरुजी, रेघ मी मारली, आणि शब्दपण मीच दिला." ते पाणी न पिताच उठले. मे महिन्यात त्यांची बदली झाली. भांडं ते बरोबर घेऊन गेले. विटांचा ओटा पुढे कितीतरी वर्षं होता, त्यावर कोंबड्या बसायच्या.

दादाने त्या फाल्गुनापासून मीठ सोडलं. आम्ही मीठ पिकवणारी माणसं, घरात मिठाचे रांजण, आणि हा आळणी जेवायचा. नवस आहे काय म्हणून लोक विचारत, तो ताट पुढे ओढायचा. जनी त्याला वाढायची. ताटात मिठाची जागा मोकळी सोडायची. पुढल्या कार्तिकात तळ तुडवायला ती ओळीत उभी राहिली, दादाच्या शेजारी, हात त्याच्या खांद्यावर. तिचा हात आता त्याच्या खांद्याला पुरत होता.

सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, पेणच्या पुढे आतल्या अंगाला, भातशेतीच्या घरी. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा ओट्यावर बसून म्हणाली, "बाबा, तिकडं लोक ढग आला की अंगणात येऊन हसतात." हे तिने असं सांगितलं, जणू ती नॉर्वेला जाऊन आली. मग जरा थांबून म्हणाली, गुरुजी सांगायचे तेच खरं, पाऊस एकच, एकाची रास नेतो आणि दुसऱ्याची कणगी भरतो, आणि मोजताना दोघांचा आकडा सारखाच. मी म्हटलं, तुझी कणगी भरली ना? ती हसली. तिचं हसणं दादासारखं होतं, खांदे हलवून.

श्रावणात, दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. नदी भरलेली होती, गाडी पलीकडे जाईना. निरोप आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दादाला मी सांगितलं. तो उठून मिठागराकडे गेला. पावसाळ्यात तिथे काही नसतं, सगळं पाण्याखाली.

हे सगळं मी कुणाशी बोललो नाही. बोलायचं कुणाशी? पण एकाशी बोलावं लागलं. ती गेल्यावर दोन वर्षांनंतरची गोष्ट. मी पेणच्या एसटी स्टँडवर उभा होतो, नातवाला बघून परत येत होतो. रोह्याच्या गाडीतून कुणीतरी हाक मारली. खिडकीत केळुसकर गुरुजी. केस पिकले होते, हेल तोच. ड्रायव्हर चढला होता, गाडी थरथरायला लागली होती. त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "आमची जनी कशी आहे?"

बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. गाडी निघालीच होती. ते समाधानाने गेले असते, त्यांच्या शाळेत, त्यांच्या पोरांकडे. माझ्या जिभेवर ते आलंही. पण जनीबद्दल मला खोटं बोलता येईना.

मी म्हटलं, "गेली, गुरुजी. दोन वर्षं झाली."

गुरुजी उठले. बंद होत आलेलं दार ढकलून, पिशवी छातीशी धरून खाली उतरले. कंडक्टर काहीतरी ओरडला, आणि गाडी निघून गेली. आम्ही दोघं बाकावर बसलो. मी जेवढं होतं तेवढं सांगितलं, लग्न, भातशेती, नदी. दादाचं मीठ सांगितलं.  गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी तिला ती रेघ शिकवायला नको होती."

मला राग आला. इतक्या वर्षांत कुणाचा आला नव्हता एवढा.

मी म्हटलं, "तसं बोलू नका, गुरुजी. शिकवली तुम्ही असेल, मारली तिनं. तिचं म्हणून तेवढंच ऱ्हायलंय."